रॉकने सोडलं, सीनाने सोडलं, मग मी का नको?

*काका, नमस्कार. मी कराड तालुक्यातला. वय २९, साखर कारखान्यात कामाला आहे, घरी थोडी शेती आणि चार म्हशी. धाकटा भाऊ २२ वर्षांचा. सहा वर्षं कोल्हापुरात तालमीत आहे. त्याचा खुराक, खोलीभाडं, सगळं मिळून महिन्याला १५ हजार मी पाठवतो. जत्रांची मैदानं मारतो, पण मोठं नाव अजून झालेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरात एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं, तिथे त्याला गुंडाचं काम मिळालं. दोन दिवसांचे पाच हजार ठरले. तेव्हापासून मुंबईला जातो म्हणतोय. वडिलांनी बोलणं टाकलं आहे. ते जेवताना टीव्हीपुढे बसतात आणि हा आत आला की ताट घेऊन उठतात. मी समजवायला गेलो तर मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, ‘रॉकनं सोडलं, सीनानं सोडलं, बटिस्टानं सोडलं. ती काय येडी हायत व्हय?’ मला उत्तर सुचत नाही. एवढं नाव आणि पैसा असताना ही माणसं रिंग सोडून सिनेमात का जातात? ती कुस्ती खोटी म्हणून का? सहा वर्षं महिन्याला १५ हजार घातल्यावर आता भावाला काय सांगू? त्याचा भाग पुढच्या महिन्यात टीव्हीवर लागणार आहे.*

*– एक मोठा भाऊ*

प्रिय मोठ्या भावा,

तुझं पत्र वाचलं आणि माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात माझ्या मुलाचे डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे रॉक-सीना जिच्यात लढले त्या अमेरिकन कुस्ती कंपनीचे (आताची डब्ल्यूडब्ल्यूई), पत्ते आहेत. कोपरे दुमडलेले, एकावर वरणाचा डाग. तूही खेळला असशील. रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती सामने खेळला, किती जिंकला. ज्याचा आकडा भारी त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. आज ते पत्ते चाळताना लक्षात आलं की त्यांच्यावर एक रकाना कमी आहे. बोलण्याचा. तो असता तर पोरांनी अंडरटेकरसाठी भांडणं केली नसती, बोलण्यात पटाईत रॉडी पायपर मिळाला म्हणून उड्या मारल्या असत्या.

तुझ्या भावाला द्यायचं उत्तर या नसलेल्या रकान्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ती कुस्ती खोटी का, असं तू विचारलंस. तालमीत भाऊ घातलेल्या माणसाला नुरा कुस्ती म्हणजे काय ते मी सांगायला नको. आपल्याकडे मैदानात नुरा लागली असा नुसता संशय आला तरी लोक चपला हातात घेतात. तिकडे लोक नुराच बघायला तिकीट काढतात. कोण जिंकणार आणि शेवट कुठल्या डावावर, हे आधी ठरलेलं असतं. मधलं बरंचसं दोघं पैलवान मिठीत असताना कानात कुजबुजून जुळवतात. रेफरीच्या कानात यंत्र असतं, त्यातून आतून निरोप येतो की आवरा आता, वेळ संपली. हे गुपित त्या धंद्याने कित्येक वर्षं जिवापाड जपलं. मग १९८९ साली न्यू जर्सी राज्यात विन्स मॅकमहनच्या कंपनीने, म्हणजे याच डब्ल्यूडब्ल्यूएफने, सरकारदरबारी स्वतःच कबूल केलं की आमचा हा खेळ नव्हे, करमणूक आहे. कारण तत्त्वाचं नव्हतं. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, त्यांचा कर आला. करमणूक म्हटलं की त्यातून सुटका.

कंपनीच्या तोंडूनच हे पैलवान नट ठरले. पण नटाला जे मिळतं ते त्यांना मिळालं नाही. ते कंपनीचे नोकर नाहीत, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत, असं त्यांच्या करारात लिहिलेलं असतं. रिंगमध्ये हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च कंपनी करते, हे खरं. पण घरच्यांचा आरोग्य विमा, म्हातारपणची पेन्शन, हे ज्याचं त्याने बघायचं. वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की विमानाचं तिकीट कंपनीचं, आणि गावात उतरल्यावर भाड्याची गाडी नि हॉटेल पैलवानाच्या खिशातून. भरीला युनियन नाही. कर भरायच्या वेळी नाटक आणि हिशेब करायच्या वेळी कंत्राट, अशी ती गंमत आहे.

या सगळ्यावर तोंड उघडणारा मोठा पैलवान म्हणजे जेसी व्हेंचुरा. १९८६ मध्ये रेसलमेनिया दोनच्या आधी त्याने कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की एवढा मोठा कार्यक्रम आहे, आज आपण एकजूट केली तर मालकाला युनियन मान्य करावीच लागेल. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन हजर. आतली बातमी कुणी पोचवली, हे त्याला पुढे कोर्टकचेरीत कळलं. कंपनीचा तेव्हाचा सर्वांत मोठा तारा, खुद्द हल्क होगनने, असं व्हेंचुरा सांगतो. युनियन झाली नाही. पण त्याच सुमारास व्हेंचुरा ‘प्रिडेटर’ या सिनेमात श्वार्झनेगरबरोबर झळकला. हॉलिवूडच्या नटांची संघटना जुनी आणि दांडगी आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कमाई झाली की आरोग्य विमा मिळतो, पेन्शनचे पैसे साठत जातात, आणि सिनेमा पुन्हा पुन्हा दाखवला की नटाला पुन्हा पुन्हा थोडे थोडे पैसे येत राहतात. व्हेंचुरा रिंगशेजारी बसून समालोचनही करायचा. त्या कुस्त्यांच्या व्हिडिओ कॅसेट विकल्या जात होत्या आणि त्याला त्यातलं काही मिळत नव्हतं. त्याने दावा लावला आणि सुमारे ८ लाख डॉलर वसूल केले. नंतर हा गडी मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला, पण ती वेगळीच कथा.

तेव्हा ‘का जातात’ या तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर अगदी संसारी आहे. पडायचं तेच, ओरडायचं तेच, पण एका ठिकाणी विमा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

आता पडण्याबद्दल. निकाल खोटा असतो, पडणं खोटं नसतं. ती रिंग गादीसारखी दिसते, पण खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळसा थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. आपली लाल माती तेल-ताक-हळद घालून मळलेली असते, ती अंगाला थोडं तरी झेलते. फळ्या झेलत नाहीत. पाठीवर सपाट पडायचं, हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, दोन्ही हात पसरून मार वाटून घ्यायचा. हे पडणं तेव्हा जवळजवळ रोज रात्री, वेगळ्या गावात, वर्षातून दोनशेहून जास्त दिवस. स्टीव्ह ऑस्टिनचं बघ. १९९७ मध्ये एक डाव चार बोटं चुकला आणि डोक्यावर आदळून मान गेली. तो काही वेळ हातपाय हलवू शकत नव्हता. त्यानंतर तो कंपनीचा सर्वांत मोठा तारा झाला, पण ती मान घेऊन २००३ पर्यंतच टिकला. एज नावाच्या पैलवानाला २०११ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आणखी एकदा वाकडा पडलास तर कायमचा अंथरुणाला खिळशील. तो मालिकांमध्ये गेला, आणि नऊ वर्षांनी परत रिंगमध्ये आला. ही माणसं हौसेने नट झाली नाहीत. धंदा बंद पडला म्हणून शेजारच्या दुकानात बसली.

आणि आंद्रे द जायंट. पत्त्यांमध्ये त्याचा पत्ता आला की डावच संपायचा. १९८७ मध्ये ‘द प्रिन्सेस ब्राइड’ सिनेमात त्याने राक्षसाएवढ्या प्रेमळ माणसाचं काम केलं. त्यात नायिका वरून उडी मारते आणि हा तिला अलगद झेलतो. तेव्हा आंद्रेच्या पाठीची अशी दशा होती की त्या सडपातळ पोरीचं वजन त्याला पेलवेना. तिला तारांनी वर धरून ठेवलं आणि त्याने नुसते हात पुढे केले. रिंगमध्ये असं तार बांधायला कोण येतं? सिनेमात येतं. एकच ठोसा पाच वेळा मारता येतो आणि एकदाही लागत नाही. जमलं नाही तर कट म्हणतात, चहा येतो.

आता तुझ्या भावाच्या तीन देवांकडे वळू. रॉक म्हणजे ड्वेन जॉन्सन. त्याचा आजा पीटर मायव्हिया पैलवान, बाप रॉकी जॉन्सन पैलवान. १९८३ च्या अखेरीला बाप टीव्हीवर जोडीच्या कुस्तीचा चॅम्पियन होता. त्यानंतर तीन-चार वर्षांत, ड्वेन चौदा वर्षांचा असताना, भाडं थकल्यामुळे त्याला आणि आईला होनोलुलूतलं घर सोडावं लागलं. पट्टा आणि पैसा यांचा संबंध किती, हे त्या पोराला दारावरची नोटीस बघून कळलं होतं. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

१९९६ मध्ये तो रिंगमध्ये आला तो हसऱ्या, गुणी मुलाचं सोंग घेऊन. लोकांना ते इतकं कंटाळवाणं वाटलं की हजारो माणसं एका सुरात ‘मर रॉकी मर’ म्हणून ओरडायची. आपला एखादा नट असता तर घरी गेला असता. याने खलनायकाचं सोंग घेतलं, हातात माइक घेतला आणि लोकांच्या शिव्यांनाच ताल दिला. तमाशातली बतावणी तू पाहिली असशील. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, प्रेक्षकांतून कोण काय ओरडेल माहीत नाही, आणि हजरजबाबीपणावर सगळा खेळ. रॉकने आठवड्यातून चार-पाच रात्री, हजारो लोकांपुढे, कित्येक वर्षं ही बतावणी केली. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमाच्या एका भागाचं यजमानपद त्याला मिळालं आणि सिनेमावाल्यांचे डोळे उघडले. २००२ मधल्या ‘द स्कॉर्पियन किंग’ या नायक म्हणून पहिल्याच सिनेमाला ५५ लाख डॉलर मिळाल्याचं तेव्हा गाजलं होतं. दोन वर्षांत त्याने कुस्ती सोडली.

‘सोडली’ म्हणजे तरी किती? २०११ मध्ये परत आला. २०१३ च्या रेसलमेनियात सीनाशी लढताना त्याच्या पोटाचे आणि मांडीचे स्नायू हाडापासून सुटले. शस्त्रक्रिया झाली, आणि ‘हर्क्युलिस’ सिनेमाचं शूटिंग त्याच्यासाठी थांबलं. इथे दुसरं कारण सापडतं, ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मोठ्या सिनेमात शेकडो माणसांचा रोजगार एका नटाच्या तब्येतीवर उभा असतो. निर्मात्याला त्या नटाचा विमा काढावा लागतो, आणि शुक्रवारी शूटिंग करून शनिवारी फळ्यांवर आदळणाऱ्या माणसाचा विमा काढायला विमेवाला सहसा राजी नसतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवायला तिकडे वाव फारच थोडा.

जॉन सीनाला हे पटायला वेळ लागला. रॉक आम्हाला सोडून गेला म्हणून त्याने जाहीर तोंडसुख घेतलं होतं, आणि पुढे आपण चुकलो हे कबूलही केलं. त्याचे सुरुवातीचे सिनेमे कंपनीनेच काढले होते. पैलवान बाहेर जातोय तर आपणच निर्माते होऊ, हा हिशेब. ते सिनेमे मी पाहिलेत, तू नाही पाहिलेस तरी चालेल. तो नट म्हणून रुळला २०१५ पासून, स्वतःच्या फुगलेल्या दंडांवर स्वतःच हसायला लागला तेव्हा. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये शेवटची कुस्ती खेळला. ‘हार मानू नका’ हे शब्द जन्मभर छातीवर मिरवलेल्या माणसाने गुंथर नावाच्या पैलवानाच्या गळपकडीत हात आपटून हार मानली. वय ४८. माझा मुलगा, आता नोकरीवाला, पहाटे उठून ते बघत होता. मी चहा करायला गेलो तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

पण तुझ्या भावाला गोष्ट सांगायचीच असेल तर तिसऱ्याची सांग. रिंगमधलं नाव बटिस्टा, खरं आडनाव बाउटिस्टा. रिंगमधली नावं बहुधा कंपनीच्या मालकीची असतात, त्यामुळे बाहेर पडणाऱ्याला कित्येकदा नावसुद्धा सोडून यावं लागतं. हा आला तोच उशिरा, टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तेव्हा ३३ वर्षांचा होता. एका मित्राच्या सिनेमात हौस म्हणून काम केलं आणि आपण किती भिकार नट आहोत हे त्याला पडद्यावर दिसलं. तो सांगतो की तेच डोक्यात किडा होऊन बसलं. २०१० मध्ये, चांगला चलतीचा काळ असताना, त्याने कंपनी सोडली. कामं मिळेनात. तीन वर्षांत जमवलेलं गेलं, राहतं घर गेलं, उसनवारीवर दिवस काढायची पाळी आली. मग ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’साठी निवड झाल्याचा फोन आला तेव्हा तो गाडी चालवत होता. गाडी बाजूला घेऊन रडलो, असं तो सांगतो. २०१४ मध्ये तो सिनेमा यायच्या आधी तो रिंगमध्ये परतला होता आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती.

या माणसाचं मला आवडणारं काम काही मिनिटांचंच आहे. ‘ब्लेड रनर २०४९’ची सुरुवात. एका उजाड शेतावरचा म्हातारा होत चाललेला माणूस, चुलीवर काहीतरी रटरटतंय, आणि त्या अगडबंब चेहऱ्यावर नाकाच्या टोकाशी इवलासा गोल चष्मा. तो चष्मा काढून सांभाळून बाजूला ठेवतो. मारामारी नंतर येते. पण मारामारीच्या आधी त्याने तो चष्मा ज्या काळजीने ठेवला, त्यात कळतं की घर गेल्यावरची ती तीन वर्षं हा माणूस काय शिकत होता.

आता तुझा भाऊ. रॉकचा दाखला त्याला का लागू पडत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. गुडघा दुखावला तर तालमीत काय शिकवतात? चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दिसलं तर समोरचा त्याच पायाला लागतो. आणि अमेरिकेतल्या त्या नुरा कुस्तीच्या शाळेत काय शिकवतात? गुडघ्याला काही झालेलं नसताना असा लंगड की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळ आली पाहिजे. तुझ्या भावाने सहा वर्षं घाम गाळून चेहरा लपवायची कला कमावली आहे. कॅमेऱ्यापुढे त्याच्या बरोबर उलटं लागतं. रॉक सिनेमात गेला तेव्हा त्याच्या गाठीला बोलण्याची चार-पाच वर्षं होती. तुझ्या भावाच्या गाठीला शून्य आहेत. त्याने लाज वाटून घ्यायची गरज नाही, पण रॉकच्या रांगेत स्वतःला उभं करू नये.

त्या मालिकेत काम कुणाला मिळालं, हे त्याला एकदा शांतपणे विचार. माझा अंदाज आहे, त्याच्या कानांना मिळालं. मोडून गड्ड्यासारखे झालेले कान, जाड मान, अंगावर तंग शर्ट, एका वाक्याचा संवाद. असे कान मेकअपने करायला वेळ लागतो, हा आयते घेऊन आला. मालिकेतल्या पैलवान नायकाचं काय होतं तेही तू पाहिलं आहेस. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादा अख्ख्या महाराष्ट्राने घरचा मानला. तो हार्दिक जोशी पेशाने नट, त्याला पैलवान केलं. पैलवानाला नट करायच्या भानगडीत निर्माते सहसा पडत नाहीत, कारण दंड वर्षभरात कमावता येतात, संवाद येत नाहीत.

तरीही ‘जाऊ नको’ असं मी म्हणणार नाही. दारा सिंगांचं उदाहरण वडिलांनाही माहीत असेल. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर किंग काँग नावाच्या पैलवानाशी त्यांच्या कुस्त्या व्हायच्या, तेव्हा लोक झुंडीने जायचे. माझे वडील गिरगावातून चालत गेले होते, परतीच्या ट्रामचे पैसे वाचवून शेंगदाणे खाल्ले म्हणायचे. १९६२ मध्ये ‘किंग काँग’ नावाच्याच सिनेमात दारा सिंग नायक झाले. त्यांनी आखाडा सोडला नाही. १९८३ पर्यंत कुस्ती आणि सिनेमा दोन्ही चालू ठेवलं, आणि ज्या हनुमानासाठी लोक त्यांना आजही हात जोडतात तो हनुमान केला तेव्हा ते साठीला टेकले होते. आपल्याकडे दोन दगडांवर पाय ठेवता येतो. निदान काही काळ.

म्हणून भावाला सांग, मुंबई लगेच नको. एक वर्ष कोल्हापूरच. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, मालिकांची शूटिंग तिथे येतात. मराठी चित्रपट महामंडळाचं कार्यालय त्याच शहरात आहे. सकाळची मेहनत चालू ठेवायची आणि संध्याकाळी एखाद्या हौशी नाटक मंडळीत जायचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की त्यांना सतरंज्या उचलायला, प्रॉम्प्टिंग करायला माणूस हवाच असतो. तिथे पहिले सहा महिने सतरंज्याच उचलाव्या लागतील. ते त्याला जमलं, तर पुढचं बोलू. तालीम या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे तरी त्याला कळेल.

पैशाचं सांगतो, कारण त्याचे पाच हजार अजून हातात आले नसतील. मालिकांचे पैसे तीन महिन्यांनी मिळायची पद्धत आहे, आणि मधला को-ऑर्डिनेटर आपला वाटा कापतो. त्यामुळे मुंबईत पहिले चार महिने काम मिळूनसुद्धा खिसा रिकामा असतो. काम देतो म्हणून जो आधी पैसे मागेल, मग ते फोटोंचे असोत, कार्डाचे असोत, की ‘ऑडिशन फी’ असो, त्याच्या दारातून परत फिरायचं. मारामारीची कामं करणाऱ्या फायटर मंडळींची आणि नटांची संघटना मुंबईत आहे. जायचं तर त्यांच्या दारातून रीतसर जायचं. उंचीवरून उडी मारायला सांगितलं तर आधी विम्याचं विचारायचं. व्हेंचुराला जे भांडून मागावं लागलं, ते याने पहिल्या दिवशी विचारावं. लोक हसतील, हसू दे.

आता वडील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एखाद्या रविवारी त्यांना कोल्हापूरला घेऊन जा, खासबागेत. शाहू महाराजांनी ते मैदान बांधलं आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं केलं, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं तेव्हा नटांच्या बरोबरीने पैलवानही रडले होते. तिथे काही बोलू नकोस. दोन्ही वास्तू शेजारी शेजारी आहेत, एवढं त्यांना दिसेल. नाही दिसलं तर मिसळ खाऊन परत या.

शेवटी तुझं. तुझ्या पत्रात १५ हजारांचा आकडा दोनदा आला आहे. दुसऱ्यांदा लिहिताना तुझ्या लक्षातही आलं नसेल. सहा वर्षं म्हणजे १० लाख ८० हजार, मी कागदावर गुणाकार केला. तू रॉकबद्दल विचारतो आहेस, पण तुला डाचतंय ते हे. एवढ्या वर्षांत तू स्वतःसाठी काय घेतलं नाहीस, ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण भावाला हे सांग. मोबाईलवरच्या अमेरिकन माणसाला उत्तर देण्यापेक्षा ते सोपं आहे. त्याला आकडा सांग, परत मागू नकोस, आणि ठरव की पुढचं एक वर्ष निम्मे देईन, बाकीचे तू कमव. कोणत्या महिन्यापासून, तेही सांग. बाउटिस्टाला उसनवारीवर दिवस काढावे लागले, हे हवं तर जोडून दे. खरं म्हणजे नको जोडूस, उगीच भांडण होईल.

आणि हो, त्याचा भाग पुढच्या महिन्यात लागणार म्हणतोस, तो नेमका कुठल्या दिवशी आणि किती वाजता, ते त्याच्याकडून काढून घे. वडील जेवताना टीव्हीपुढे बसतात, असं तूच लिहिलंस. त्या दिवशी जेवण थोडं उशिरा वाढायला सांग आणि रिमोट तुझ्याजवळ ठेव.